धुकं बघायला

सगळी चूक त्या उन्हाची.

कोल्हापुरात अकरा दिवस पाऊस लागला होता. बाकीच्या गावांत पाऊस पडतो. आमच्याकडं जुलैत तो लागतो, आणि एकदा लागला की गणपतीला आलेल्या आत्याच्या मिस्टरांसारखा पाय पसरून बसतो. कधी जाणार, असं विचारायची सोय नाही. बाराव्या दिवशी, रविवारी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मंगळवार पेठेतल्या आमच्या जिन्यावर ऊन पडलं. खरं, पिवळं, सावली पाडणारं ऊन. समोरच्या वहिनी गॅलरीत येऊन त्याच्याकडं नवी सून बघावी तशा बघत उभ्या राहिल्या. अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीही निघतं. माझ्या तोंडून निघालं, "चला, पन्हाळ्याला जाऊन येऊ."

आणि वर, कुणी विचारलेलं नसताना, "वीस तर किलोमीटर. जायचं, तीन दरवाजापाशी एक चक्कर मारायची, कणीस खायचं, आठच्या आत घरात."

आई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आत्ता काय बघायचं तिथं?"

"धुकं."

"धुक्यातनं काय दिसतंय?"

"काही नाही. तेच तर."

"म्हणजे काही दिसत न्हाई ते बघायला वीस किलोमीटर जायचं." तिनं कोथिंबिरीच्या काड्या पेपरात गुंडाळल्या. "थांब, मी बी येतो."

(आमच्याकडं बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मराठी व्याकरणाची पुस्तकं इकडं यायला निघाली होती, पण पंचगंगा ओलांडताना भिजली असावीत.)

आईचा मुद्दा तसा बिनतोड होता. जुलैत पन्हाळ्यावर माणूस काही न दिसण्यासाठीच जातो. सज्जा कोठीत उभं राहायचं आणि समोरच्या पांढऱ्याफटक भिंतीकडं बोट करून 'तो जोतिबाचा डोंगर' म्हणायचं. शेजारून बायकोचा आवाज येतो, बायको दिसत नाही. अंबरखान्याच्या कोठारांची नावं गंगा, यमुना आणि सरस्वती. पावसाळ्यात तिन्ही गुप्त. कवी मोरोपंतांचा जन्म पन्हाळ्यावरचा, १७२९ सालचा. पण लिहायला ते बारामतीला गेले. पन्हाळ्यावर कागद दिसत नसावा, असं माझं मत आहे.

मुलगा खोलीतून बाहेर आला. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले आणि त्यात पन्हाळा आहे, हे कळल्यापासून त्याला गडाबद्दल एकदम आदर वाटायला लागला होता. तोवर पन्हाळा म्हणजे चौथीची सहल आणि उलटी. तो म्हणाला, "जाऊया की. पण माझी जीन्स?"

ज्यांनी कोल्हापुरात पावसाळा काढलेला नाही त्यांना या प्रश्नाचं गांभीर्य कळायचं नाही. जुलैत आमच्या घरात खिडकीच्या गजापासून घड्याळाच्या खिळ्यापर्यंत आणि तिथून देवघराच्या कोपऱ्यापर्यंत दोऱ्या बांधलेल्या असतात. हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं तर नाटकाचा पडदा सारावा तसे तीन शर्ट आणि एक परकर बाजूला करावे लागतात. सुती बनियन दोन दिवसांत वाळतं. टॉवेल वाळतच नाही, त्याचा फक्त वास बदलतो. आणि जीन्स हा प्रकार ज्यानं शोधला त्यानं राधानगरी तालुका पाहिलेला नव्हता, एवढं नक्की. चौथ्या दिवशी तिचे पाय वाळतात, कमरेचा पट्टा सातव्या दिवशी, आणि खिशांचं आतलं कापड दिवाळीत.

तर माणसाला कितीही उत्स्फूर्तपणे बाहेर पडावंसं वाटलं तरी त्याच्याकडं वाळलेली पॅन्ट पाहिजे.

मुलानं इस्त्री काढली. ओल्या जीन्सवर गरम इस्त्री ठेवली की चुर्र असा आवाज होतो आणि मंगळवार पेठेतल्या घरात पन्हाळ्याइतकं धुकं तयार होतं. त्या क्षणी थांबलो असतो तर पुढचं सगळं वाचलं असतं. डाव्या पायाची इस्त्री झाली आणि लाइट गेली. आमच्याकडं पाऊस असताना लाइट जाते ते समजण्यासारखं आहे. ऊन पडल्यावर का जाते, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. मुलानं एक पाय कोमट आणि एक पाय गार अशी जीन्स चढवली. माझ्यासाठी कपाटाच्या तळातून एकच वाळलेली पॅन्ट निघाली. २००३ साली माझ्या रिसेप्शनला शिवलेली, मरून रंगाची. तिच्यात डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि कमरेपाशी इतिहास. बायको म्हणाली, "शर्ट बाहेर सोडा, काही कळत नाही." तिनं हे इतक्या प्रेमानं सांगितलं की सगळ्यांना कळणार हे मला कळलं.

बायकांना तयार व्हायला वेळ लागतो, यावर विनोद करणाऱ्यांनी एकदा आमच्याकडं यावं. ही पावणेपाचला पर्स घेऊन दारातल्या खुर्चीत बसली होती आणि आम्हा दोघा पुरुषांची पॅन्टशी चाललेली झटापट परीक्षकासारखी बघत होती. फक्त तिच्या पायाशी गव्हाचा डबा होता.

"हा कशाला?"

"गिरणी वाटेतच आहे."

हे 'वाटेतच आहे' मी नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं. कोल्हापूर हे असं गाव आहे की त्यात सगळंच वाटेत आहे. मंगळवार पेठेतून कुठंही निघा, तुम्हाला पाहिजे ते आणि नको ते, दोन्ही वाटेतच. ब्लाउज शिवायला दिलेली बाई वाटेत, आईच्या बीपीच्या गोळ्या मिळणारं ते एकच दुकान वाटेत, महाद्वार वाटेत, त्यामुळं अंबाबाई वाटेत, आणि देवीच्या दारावरून तसंच पुढं गेलं तर ती काय म्हणेल. पन्हाळा तेवढा वाटेत नाही. तो वाटेच्या शेवटी आहे, आणि शेवटापर्यंत जायला वेळ कुणाला आहे?

डबा डिकीत ठेवत असताना शेजारचे अण्णा आले. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते पाण्याच्या रेट्यानं आपोआप उघडतात, कुणाला उघडावे लागत नाहीत. अण्णांनी उभी हयात त्या खात्यात काढल्यामुळं असेल, तेही स्वयंचलित आहेत. दार लोटून कधी आत येतात कळत नाही, आणि एकदा उघडले की १४२८ क्युसेक.

"अडतीस फूट चार इंच," अण्णा म्हणाले.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, जुलैत कोल्हापूरकर एकमेकांना 'कसं काय' विचारत नाहीत, फूट विचारतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे दोन आकडे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतात. भाजीवाली फूट सांगते, न्हावी फूट आणि इंच सांगतो, आणि अण्णा फूट, इंच, विसर्ग, पाणलोटातला पाऊस आणि १९८९ च्या पुराशी तुलना.

"कुठं निघालाय?"

"पन्हाळ्याला."

"मीपण घरात एकटाच हाय," अण्णा म्हणाले, आणि मागच्या सीटवर आईशेजारी जाऊन बसले.

आम्ही घरातून हललो तेव्हा पाच वाजून पन्नास मिनिटं झाली होती. ऊन गेलं होतं.

गिरणीत रांग होती. अकरा दिवसांच्या पावसानं लोकांची पिठं संपलेली, त्यामुळं उघडीप मिळताच सगळी पेठ डबे घेऊन आलेली. गिरणीवाल्याच्या भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या. त्यानं विचारलं, "बाजरी काढलीया आत्ताच. गहू त्याच्यावर घेऊ का?" यावर ही 'नको' म्हणाली, आणि ते योग्यच आहे, बाजरीवर गहू दळला की चपाती काळी येते आणि आठवडाभर ऐकून घ्यावं लागतं. पण याचा अर्थ मध्ये कुणाची तरी ज्वारी व्हायला पाहिजे, आणि ज्वारीवाले काका मुलाला डबा सांगून तंबाखू आणायला गेले होते. शेवटी डबा तिथंच ठेवला. "येताना घेऊन जावा. आठाला बंद करतोय बघा." आठ म्हणजे खूप झालं, मी म्हटलं. आठला तर आपण जेवायला बसणार.

बिंदू चौकात मेव्हण्याचे साडू भेटले. ते स्कूटरवर, आम्ही गाडीत, दोघंही रस्त्याच्या मधोमध, मागं रिक्षांचे हॉर्न. कोल्हापुरात ओळखीच्या माणसाला हात करून पुढं जाणं हा अपमान आहे, आणि 'चहा नको' म्हणणं हा त्याहून मोठा. चहाची बावीस मिनिटं मी इथं सांगत बसत नाही. एवढंच नोंदवतो की अण्णांनी त्यांना अडतीस फूट चार इंच सांगितलं आणि त्यांनी अडतीस फूट सहा इंच ऐकलेलं होतं, आणि तिथून पुढं अण्णा गप्प गप्प झाले.

सीपीआर हॉस्पिटलवरून तोरस्कर चौकात आलो आणि गाडी थांबली. पुढं शिवाजी पूल. जुना दगडी आणि त्याला खेटून नवा. पुलापलीकडं रत्नागिरी रोड, वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळचा घाट, आणि पन्हाळा. पुलाअलीकडं सगळं कोल्हापूर.

अख्खं गाव पाणी बघायला आलं होतं. ऊन पडल्यावर पन्हाळ्याला जायची कल्पना फक्त माझ्या डोक्यात आली होती. बाकीच्या सुज्ञ लोकांना जिथं जायचं असतं तिथंच ते आले होते. बायका वेण्या-फण्या करून आलेल्या. नवं लग्न झालेलं जोडपं. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं. तालमीची मुलं एका स्कूटीवर तिघं. कणीसवाला, उकडलेल्या शेंगावाला, फुगेवाला. फुगेवाल्याला पाण्याची पातळी वाढली की धंदा वाढतो, हे गणित कुठल्या खात्यानं मांडलं असेल असं वाटत नाही. एकजण मोबाइल हातात लांब धरून जगाला सांगत होता, "तर मित्रांनो, आपण बघू शकता," आणि त्याच्या मागं लोक खरोखर बघत होते, पण नदीकडं नाही, त्याच्याकडं.

पाणी मात्र बघण्यासारखं होतं. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी आणि ती न दिसणारी सरस्वती, अशा पाचांचं मिळून आलेलं, चहासारखं तांबूस, जड पाणी. घाट केव्हाच दिसेनासा झालेला. घाटावरच्या देवळांचे वरचे भाग तेवढे पाण्यातून वर, डोकी काढून पोहणाऱ्या म्हशींसारखे. मधूनच एखादं झाड वाहत येई, आणि ते पुलाखालून जाईपर्यंत सगळे गप्प होत. ते पलीकडं निघालं की परत कणसं.

पुलावर कुणालाही आजचं पाणी बघायचं नसतं. प्रत्येकजण आजच्या पाण्यात आधीचं पाणी बघत असतो. आई गाडीची काच खाली करून म्हणाली, "हे काय पाणी. एकोणनव्वदचं पाणी होतं पाणी." शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनी २००५ काढला. त्यांच्यामागच्यानं २०१९. मग २०२१. पूर नव्हे, जावई असल्यासारखी तुलना चालली होती. कोण किती आत आला, किती दिवस राहिला, जाताना काय नासधूस केली. एक मात्र मी बघून ठेवलंय. २०१९ ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं ते पुलावर पाणी बघायला येत नाहीत. ते आज घरी असतात, आणि ट्रंका माळ्यावर चढवत असतात.

अण्णा गाडीतून उतरले. आता ते त्यांच्या मैदानात आले होते. पाच मिनिटांत त्यांच्याभोवती सहा माणसं जमली.

"अडतीस फूट चार इंच," अण्णा म्हणाले.

"अडतीस सहा," एक चेक्सचा शर्ट म्हणाला.

"कोण म्हणतंय?"

"व्हॉट्सॲपवर आलंय."

"मी तीस वर्सं पट्टी बघितलीया," अण्णा म्हणाले. हे त्यांचं ब्रह्मास्त्र. पण चेक्सचा शर्टही साधा नव्हता, त्याचा मेव्हणा बंधाऱ्याशेजारी कसबा बावड्यात राहत होता. दोन इंचांवरून दोन पक्ष पडले. मधूनच कुणीतरी रेडेडोहाचं नाव काढलं. आंबेवाडीच्या बाजूला हा रेडेडोह फुटला की पंचगंगेचं पाणी केर्लीपाशी रत्नागिरी रोडवर येतं, आणि मग पन्हाळा तिकडं, कोल्हापूर इकडं. चेक्सचा शर्ट म्हणाला आज रात्री फुटणार. अण्णा म्हणाले, एवढ्या पाण्याला कुठं फुटतंय, अजून पाच फूट पाहिजेत. चेक्सचा शर्ट म्हणाला, वरनं सोडल्यावर काय सांगता येतंय. अण्णा म्हणाले, वरनं सोडत नसतात, दरवाजे आपोआप उघडतात. हे ते अशा सुरात म्हणाले की जणू दरवाजे त्यांच्या घरचे आहेत आणि त्यांच्यावर बालंट आलंय.

एवढं ऐकून आईनं काच वर केली. "न्हाई जायचं पुढं. रात्री तिकडं अडकलो तर माझ्या गोळ्या घरात हाईत."

"अगं, गोळ्या घ्यायला तर मघाशी थांबलो होतो."

"त्या उद्याच्या."

पण पुढं जायचं की नाही हा प्रश्न तोवर राहिलाच नव्हता. मुलाला गाडी कडेला घ्यायला सांगितली होती, आणि त्यानं ती इतकी कडेला घेतली होती की आता तिच्या पुढं सतरा मोटरसायकली, मागं शेंगांचा गाडा, डावीकडं कठडा आणि उजवीकडं एक एसटी होती. एसटीच्या पाटीवर 'पन्हाळा' लिहिलं होतं. तीही उभीच होती. आतले लोक खिडकीतून आमच्याकडं बघत होते, आम्ही त्यांच्याकडं. एका म्हातारबाबांनी खिडकीतूनच विचारलं, "किती फूट?"

मी पलीकडं बघितलं. वायव्येला, जिथं पन्हाळा असायला पाहिजे तिथं, नुसता करडा रंग होता. मुलगा म्हणाला, "तो बघ पन्हाळा." मी म्हटलं, कुठाय? तो म्हणाला, "तेच." आणि खरंच, तेच. गडावर जाऊन जे बघायचं होतं ते पुलावरून तसंच्या तसं दिसत होतं, फक्त लांबून.

तेव्हा मला उगीच इतिहास आठवला. १६६० सालचा जुलै, बाराची रात्र. सिद्दी जौहरचा वेढा, असाच पाऊस, अंधार, चिखल. महाराज सहाशे मावळ्यांनिशी पन्हाळ्यावरून निघाले, रान तुडवत विशाळगड गाठला, मागं घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. तिथं डांबरी रस्ता नव्हता, एसी नव्हता, गूगल मॅप नव्हता. आणि आम्ही मंगळवार पेठेतून निघून सव्वा तासात शिवाजी पुलापर्यंत पोचलेलो, त्यातली बावीस मिनिटं चहाला. मी मनातल्या मनात खिंड लढवायचं ठरवलं आणि एसटीच्या ड्रायव्हरला म्हटलं, "जरा मागं घेता काय?" तो म्हणाला, "कुठं घेऊ? घरात घेऊ?"

आणि पाऊस आला.

अकरा दिवस पडून ज्याला दमायला पाहिजे होतं तो दुपारची झोप काढून ताजातवाना होऊन आला. पुलावरचं गाव एका क्षणात पळालं. कणीसवाल्यानं निखाऱ्यावर प्लॅस्टिक टाकलं. फुगेवाला फुग्यांखाली उभा राहिला. आणि गाडीच्या चाव्या? त्या मुलाकडं, मुलगा शेंगांच्या गाड्यापाशी, गाडी आतून बंद, आत आई. आई आतून हातानं काहीतरी खूण करत होती. मला वाटलं 'छत्री', नंतर कळलं 'शेंगा'. माझी रिसेप्शनची पॅन्ट, जी वीसहून जास्त वर्षं डांबराच्या गोळ्यांत सुखरूप होती, दोन मिनिटांत गुडघ्यापर्यंत, चार मिनिटांत इतिहासापर्यंत भिजली. रंग उतरून पायमोजे गुलाबी झाले. घरातली शेवटची वाळलेली पॅन्ट गेली.

अण्णा भिजत उभे होते आणि हलत नव्हते. "बघा," ते चेक्सच्या शर्टाला म्हणाले, "आत्ता झालं अडतीस सहा."

गाडी निघायला पाऊण तास लागला. येताना गंगावेशीतून आलो, कारण ही म्हणाली, "निदान दूध तरी घेऊन जाऊ, दूध कट्टा वाटेतच आहे." मी काही बोललो नाही. बाहेरच्या पाहुण्यांना आम्ही दूध कट्टा देवळासारखा दाखवतो. म्हैस समोर उभी, गवळी समोरच पिळतो, आणि फेसाळ धारोष्ण दूध थेट ग्लासात. पाहुणे आधी म्हशीकडं बघतात, मग ग्लासाकडं, मग आमच्याकडं.

त्या दिवशी म्हैस पण मूडमध्ये नव्हती. गवळी खाली बसला, आचळांना पाणी लावलं, चोळलं, थापटलं, गोंजारलं. म्हशीनं मान वळवून माझ्या पॅन्टकडं बघितलं आणि पान्हा चोरला. "अनोळखी माणूस बघून आवरतंय," गवळी म्हणाला, "जरा लांब उभारा." मी लांब उभा राहिलो. अण्णांनी राधानगरीच्या दरवाजांचं उदाहरण दिलं, दाब वाढला की उघडतंय म्हणाले. गवळ्यानं त्यांनाही लांब उभं केलं. मग म्हैस मोकळी झाली. आईनं एक ग्लास उभ्या उभ्या रिकामा केला, ओठावरची फेसाची मिशी पदरानं पुसली आणि दिवसभरात पहिल्यांदा समाधानानं म्हणाली, "आता बरं वाटलं बघ."

दोन लिटर घरी न्यायचं होतं. भांडं? भांडं एकच आणलेलं होतं, आणि त्यात गहू होता, आणि ते गिरणीत होतं. शेवटी मुलाची पाण्याची बाटली, माझी पाण्याची बाटली आणि गवळ्यानं 'उद्या आणून द्या' म्हणून दिलेला एक तांब्या अशा तीन ठिकाणी दूध घेतलं. तांब्या आईनं मांडीवर धरला. अण्णा म्हणाले, "हळू घ्या, वळणावर विसर्ग होईल."

गिरणीपाशी आलो तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं. शटर खाली. शटरच्या फटीतून गव्हाचा वास येत होता, त्यात थोडा बाजरीचाही आला असं हिचं म्हणणं. ती काही बोलली नाही, फक्त मला शटर नीट दिसावं म्हणून जराशी बाजूला सरली.

पीठ नाही म्हणजे चपाती नाही. पन्हाळ्यावर कणीस खायचं होतं. घरी आल्यावर आईनं बेसनाचं पिठलं टाकलं आणि भाताबरोबर वाढलं. लाइट परत गेली होती. हॉलमध्ये मेणबत्ती, दोरीवर माझी मरून पॅन्ट आणि मुलाची जीन्स शेजारी शेजारी, दोन्ही टपकत, खाली परात. अण्णा जेवायलाच थांबले. ते एकटेच असतात. जेवताना त्यांच्या फोनवर नवा आकडा आला. त्यांनी तो वाचला, फोन उलटा ठेवला आणि पिठलं मागितलं. किती, असं आम्हीही विचारलं नाही.

मी हात धूत होतो तेव्हा आईचा फोन वाजला. गडहिंग्लजची मावशी. तिचा मुलगा तिला कुठंच फिरायला नेत नाही, हे मावशीचं नेहमीचं दुःख आणि आईचं नेहमीचं समाधान. आई आवाज थोडा चढवून बोलत होती, अंधारात ती आम्हाला दिसत नव्हती.

"अगं, आत्ताच आलो बघ, म्हणून दमलोय. ह्यानं नेलं होतं की, पन्हाळ्याला. व्हय, सगळी मिळून. कसलं काय, लई धुकं. काय म्हणजे काय दिसलं न्हाई."